मूल तबला शिकतंय? मग आधी तुम्ही टाळी धरायला शिका

माझी मुलगी सात वर्षांची असताना तबल्याच्या क्लासला जायला लागली. आता ती पंधरा वर्षांची आहे. या आठ वर्षांत मी तबल्यावर एक बोटही ठेवलेलं नाही, पण तीनताल या तालाच्या सोळा मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, मला झोपेतही हातावर धरता येतात. घरातल्या माणसांना त्याहून जास्त काही यावं लागत नाही, आणि त्याहून कमी येऊन भागत नाही, असं माझं ठाम मत झालंय. क्लासबाहेर बसणाऱ्या नव्या पालकांचे प्रश्न नेहमी तेच असतात: कुठला तबला घ्यायचा, रोज किती वेळ बसवायचं, कंटाळा केला तर काय करायचं. त्यांना मी तोंडी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

क्लास लावण्याआधी

सहा ते आठ हे सुरुवातीला बरं वय. त्याआधी बोटांत ताकद नसते आणि एका जागी मांडी घालून बसणं जड जातं. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला ताल नक्की देता येतो. दादरा घ्या: धा धिं ना । धा तिं ना. सहा मात्रा. जिना चढताना म्हणा, पोळ्या लाटताना म्हणा. मूल बोल म्हणायला लागलं की समजा, शिकणं सुरू झालं. तबल्याची भाषा आधी तोंडात येते, मग हातात. वादक याला पढंत म्हणतात. झाकिर हुसेन सांगायचे, की त्यांच्या जन्मानंतर वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले होते. आपल्या घरात उस्ताद नसले तरी बोल म्हणायला कुणाची हरकत नाही.

मुलगी असेल तर एखादा नातेवाईक हमखास म्हणतो, 'तिला गाणं शिकवा, तबला कशाला?' अशा वेळी आबान मिस्त्री आणि अनुराधा पाल ही दोन नावं तयार ठेवा. दोघी मुंबईच्या, आणि दोघींनीही स्वतंत्र तबलावादन मैफलीत मांडलं. मला ही नावं बऱ्याचदा घ्यावी लागली.

गुरू शोधताना

जाहिरात बघून ठरवू नका. सरांची किंवा ताईंची परवानगी काढून एक तासभर कोपऱ्यात बसा आणि तीन गोष्टी बघा. सर मुलाच्या हाताला हात लावून बोट कुठे पडायला हवं ते दाखवतात का? बोल आधी म्हणून घेतात का? चुकलं की लय कमी करून पुन्हा करून घेतात, की पुढे ढकलतात? पहिल्या वर्षात ना, ता, तिं, धा ही अक्षरं स्वच्छ निघणं हेच सगळं काम असतं. तीन महिन्यांत सहा ताल आणि चार गाणी बसवून देणारा क्लास दिसला, तर मला काळजी वाटते. चुकीचा बसलेला हात सोडवायला नवा हात बसवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

दहा-बारा मुलं एकत्र वाजवतात तेव्हा एकाचा चुकीचा 'ना' दुसऱ्याच्या आवाजात झाकला जातो. गटात शिकायला मजा येते, म्हणून गट हवाच. पण प्रत्येकाला आठवड्यातून निदान दहा मिनिटं एकट्याने वाजवायला मिळतात का, हे विचारून घ्या.

परदेशातल्या घरांना बहुतेक वेळा ऑनलाइन शिकवणीच घ्यावी लागते. तिथे एक अडचण पहिल्यापासून ध्यानात ठेवा. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे गुरू आणि शिष्य एकत्र वाजवूच शकत नाहीत. सरांची टाळी मुलापर्यंत उशिरा येते. म्हणजे टाळी देणारं माणूस मुलाच्या शेजारी, खोलीतच बसलेलं हवं. ते माणूस तुम्ही. कॅमेराही चेहऱ्यावर नको, दोन्ही हात आणि दोन्ही पुड्या (वाद्यांवरची कातडी) दिसतील असा वरून लावा.

वाद्य घेताना

आम्ही पहिला तबला घाईने, गुरूंना न विचारता एका दुकानातून आणला. दिसायला देखणा होता, पण चाटीवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, एका बाजूला एक स्वर आणि समोरच्या बाजूला दुसराच. सहा महिने माझ्या लेकीचा 'ना' नीट लागत नव्हता आणि आम्ही दोष तिच्या बोटाला देत होतो. म्हणून पहिला नियम: वाद्य घ्यायला गुरूंबरोबर जा, नाहीतर निदान त्यांनी सांगितलेल्या कारागिराकडेच जा.

दुकानात काय बघायचं? तबल्याचं खोड शिसवीचं, जड आणि बिनभेगेचं असावं. पुडीवर मधोमध काळी शाई असते, तिच्याभोवती मैदान किंवा लव, आणि कडेला चाट. कडेने विणलेला गजरा असतो, त्यातून वादी (कातडी पट्टी) ओवलेली असते आणि वादीखाली लाकडी गठ्ठे. गजऱ्याची सोळा घरं असतात. प्रत्येक घरासमोर चाटीवर वाजवून ऐका, सगळीकडे एकच स्वर यायला हवा. शाईवर भेगा किंवा सुटलेले खवले नकोत. साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराच्या) आसपास लागतो आणि शिकायला तो चालतो. पण क्लासमध्ये कुठला सूर धरतात ते विचारूनच घ्या, नाहीतर घरचा तबला एका स्वरात आणि क्लासचा दुसऱ्यात अशी पंचाईत होते.

डग्गा पितळी किंवा तांब्याचा घेता आला तर उत्तम. पातळ पत्र्याचा हलका डग्गा हाताखाली सरकतो आणि घुमारा देत नाही. खेळण्यासारखे छोटे तबले मिळतात ते घेऊ नका. मुलाचा हात लहान असला तरी वाद्य पूर्ण मापाचंच हवं. उंची जमत नसेल तर बैठक बदला, खाली पातळ उशी घाला. चुंबळीवर तबला किंचित पुढे कललेला आणि मनगट सरळ राहील इतका बसला पाहिजे. कोपर वर उचललं जात असेल तर बैठक चुकली आहे.

घरात जागा आणि वेळ

वाद्य कपाटात ठेवलं की रियाज कपाटातच राहतो. आमच्याकडे हॉलच्या कोपऱ्यात सतरंजी कायम अंथरलेली असते आणि तबला-डग्गा कापडी टोप्या घालून तिथेच असतात. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर डग्ग्याचा आवाज झिरपतो. सतरंजीखाली जाड गादी घाला आणि शेजाऱ्यांकडे तक्रार येण्याआधी स्वतः जाऊन या. 'संध्याकाळी सात ते साडेसात मुलगी वाजवते, त्रास झाला तर सांगा' एवढं म्हटलं की काम होतं. आमच्या खालच्या आजी आता सात वाजून गेले आणि आवाज आला नाही तर फोन करून चौकशी करतात.

सात वर्षांच्या मुलाला रोज पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसवून आठवडा भरून निघत नाही, कारण बोटांना सवय लागते ती रोजच्या फेऱ्यांनी. नऊ-दहा वर्षांनंतर अर्धा तास, प्रवेशिका परीक्षेच्या पुढे गेलं की पाऊण तास. शाळेच्या परीक्षा आल्या की क्लास बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. तसं करू नका. पाच मिनिटंच वाजवा, पण बसा.

पंधरा मिनिटांची आमची विभागणी अशी होती. पहिली तीन मिनिटं वाद्याला हात न लावता बोल तोंडाने म्हणायचे, टाळी देत. पुढची सात मिनिटं क्लासमध्ये दिलेला एकच धडा, संथ लयीत. उरलेली पाच मिनिटं तिला आवडेल ते वाजवायचं. केरवा ताल वाजवून गाणं म्हण, नाहीतर वाटेल ते ठोक. या शेवटच्या पाच मिनिटांवर मी कधी गदा आणली नाही.

लय किती ठेवायची? मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याची लय, ही सुरुवातीला सोयीची असते. त्या लयीत धडा सलग पाच वेळा न चुकता आला तरच पाच मात्रांनी वाढवायची. एखादं अक्षर पुसट झालं की लगेच खाली यायचं. मूल नेहमी वेग मागतं, कारण ऐकलेल्या मैफलीत वेग असतो. संथ लयीतली अक्षरं स्वच्छ असली तर वेग मागाहून येतोच.

टाळी: तुमचं खरं काम

रियाजाला बसलेलं मूल दोन कामं एकाच वेळी करत असतं: हात चालवायचा आणि मात्रा मोजायच्या. नव्या मुलाला दोन्ही झेपत नाही. मोजायचं काम तुम्ही उचललंत की त्याचा हात मोकळा होतो.

तीनताल असा धरा. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या मात्रेवर टाळी, ती सम. पाचवीवर टाळी. नवव्या मात्रेवर टाळी नाही, हात उलटा करून बाजूला सोडायचा, तो काल. तेराव्या मात्रेवर पुन्हा टाळी. मधल्या मात्रा उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर टेकवून मोजा: करंगळी, अनामिका, मधलं बोट. पहिले चार दिवस बोल न म्हणता नुसते आकडे म्हणा. मग बोल घ्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं केलंत की हात आपोआप फिरायला लागतो. मला तीन आठवडे लागले, कारण मी बोल आणि आकडे एकदमच घ्यायला गेले होते.

आता कान लावा. ठेक्यात, म्हणजे तालाच्या या ठरलेल्या बोलांत, दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. 'तिं तिं ता । ता' एवढ्या टप्प्यात फक्त तबला बोलतो. हे एकदा ऐकू आलं की तुम्ही टीव्ही चालू असलेल्या घरातही ठेका हरवणार नाही, आणि मूल कुठे चुकलं ते तुम्हाला आपोआप कळेल. डग्गा बाराव्या मात्रेलाच घुमला, तर कालाचा भाग टाळीच्या भागात मिसळला.

कळलं तरी बोलू नका. हे मला फार उशिरा उमगलं. 'चुकलीस' म्हटलं की तिचा हात थांबायचा, चेहरा उतरायचा, आणि पुढचं आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) भीतीनेच वाजायचं. आता मी तोंड बंद ठेवते आणि पुढची सम जरा ठळक देते. ती स्वतःच सावरते. सावरता येणं हीदेखील विद्याच आहे, मैफलीत भले भले वादक तेच करतात. अक्षर कसं निघावं हे सांगायचं काम गुरूंचं. तुम्ही एक सांगितलंत आणि सरांनी दुसरं, तर मुलाने कुणाचं ऐकायचं?

तीनताल जमला की झपताल घ्या, दहा मात्रा: धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. याचे भाग दोन-तीन-दोन-तीन असे आहेत, म्हणून चाल वेगळी लागते. मग रूपक, सात मात्रांचा. त्यात समेवरच काल येतो, टाळी चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. इथे पालक आणि मूल दोघंही सुरुवातीला गोंधळतात, आणि दोघं एकत्र गोंधळले की मुलाला फार बरं वाटतं.

लेहऱ्याची, म्हणजे तालाच्या मापात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेची, ॲप चांगली असतात. आम्हीही वापरतो. पण ॲप थांबत नाही, वाट बघत नाही. पहिली दोन वर्षं माणसाची टाळी हवी. घरात कुणाला पेटी येत असेल तर चार ओळींचा लेहरा शिकून घ्या. आजोबा पेटीवर आणि नातू तबल्यावर, यासारखा रियाज नाही.

अडून बसल्यावर

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे 'तिरकिट' हा बोल अडला. पाच महिने. बोटं एकमेकांत अडकायची, बाकीची मुलं पुढे गेलेली. तिने 'मला सोडायचंय' म्हटलं आणि मी जवळपास हो म्हणणार होते. सरांनी नवीन धडा थांबवला, जुना दादरा काढला आणि तिला एका लहान मुलीच्या गाण्याला साथ करायला बसवलं. तिरकिट रोज फक्त दोन मिनिटं, मिनिटाला चाळीस मात्रांवर. एका दिवशी ते सुटलं. कसं, ते तिलाही सांगता आलं नाही.

असा काळ प्रत्येक मुलाला येतो. त्या वेळी धडा लहान करा आणि वाजवायला आनंदाचं काहीतरी द्या. 'फी भरली आहे' हे वाक्य मुलासमोर उच्चारू नका. दोन-तीन महिने सगळं करूनही मूल रडतच बसत असेल, तर थांबणं हाही निर्णय असू शकतो. मग मुलाला बरोबर घेऊन जा, गुरूंना प्रत्यक्ष भेटून, पाया पडून सांगा. नुसता मेसेज टाकून क्लास बंद करू नका.

दुखण्याचं वेगळं बघा. बोटाच्या टोकाची आणि कडेची कातडी सुरुवातीला हुळहुळते, मग घट्ट होते, त्याचं काही नाही. पण मनगट, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर त्या दिवशी वाजवणं बंद, आणि पुढच्या क्लासला बैठक व हात गुरूंना दाखवा. दुखणं टिकलं तर डॉक्टरांकडे जा. 'सहन कर' म्हणू नका.

माझी एक चूक इथे लिहिते. पाहुणे आले की मी तिला वाजवून दाखवायला लावायचे. ती काहीच बोलायची नाही. मग कळलं, दाराची घंटी वाजली की ती तबल्यावर टोप्या घालून आत जाऊन बसायची. त्यानंतर मी तिला विचारल्याशिवाय कुणासमोर बसवलं नाही आणि तिचे व्हिडिओही कुणाला पाठवले नाहीत. साताठ महिन्यांनी गणपतीत आरतीनंतर तिने स्वतःहून डग्गा पुढे ओढला आणि भजनी ठेका धरला.

परीक्षा द्यायची का?

महाराष्ट्रात बहुतेक मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच परंपरेतलं हे मंडळ. परीक्षांचा क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार असा आहे. आधी सगळा भर प्रात्यक्षिकावर, पुढे लेखी पेपर वाढत जातात. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी कुठली परीक्षा आणि कुठली कागदपत्रं लागतात ते आठवीतच शाळेत विचारून ठेवा.

परीक्षा द्यावी. अभ्यासाला शिस्त येते आणि अनोळखी माणसासमोर वाजवायची सवय होते. पण दर सत्राला एक परीक्षा असा सपाटा लावला की मूल फक्त अभ्यासक्रमातले कायदे (तबल्याच्या ठरावीक रचना) पाठ करतं आणि हात तिथेच राहतो. केव्हा बसवायचं हे गुरूंना ठरवू द्या.

परीक्षेपेक्षा ऐकणं मोठं. रोज जेवताना दहा मिनिटं एखादं स्वतंत्र तबलावादन लावा: थिरकवाँ, अल्लारखाँ, झाकिर हुसेन, सुरेश तळवलकर. गाणं ऐकताना मुलाला विचारा, 'सम कुठे आली?' डिसेंबरात पुण्यात असाल तर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला एक दिवस न्या. सगळं सत्र बसवून ठेवू नका. एक कलाकार मन लावून ऐकला आणि झोप आली की घरी.

वाद्याची निगा

पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सैल होतं आणि स्वर उतरतो. उन्हाळ्यात, किंवा परदेशात हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत, ते ताणलं जाऊन स्वर चढतो. म्हणून तबला उन्हात, एसीच्या झोतात किंवा ओल्या भिंतीला लागून ठेवू नका. वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा, घाम येत असेल तर थोडी पावडर लावा. ओलं फडकं शाईला कधीच लावायचं नाही. शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचे घोटून घोटून चढवलेले थर असतात. या शाईमुळेच तबल्याला सुरेल स्वर मिळतो. आपल्या वाद्यांमधल्या या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली लिहिलं होतं. मुलाला हे सांगा, वाद्याला हात लावण्याची रीत बदलते.

सूर लावायचा तर हातोडी गजऱ्यावर. वरून मारलं की स्वर चढतो, खालून मारलं की उतरतो. एका घराला मारलं की समोरच्या घरालाही. पण हे व्हिडिओ बघून करू नका, गुरूंच्या समोर शिका. चुकीचा एक घाव पडला तर पुडी फाटते. गावी किंवा प्रवासाला नेताना तबला आणि डग्गा वेगवेगळ्या गाद्यांच्या पिशवीत ठेवा, आणि गाडीच्या बंद डिकीत उन्हात सोडून जाऊ नका.

पहिला कार्यक्रम

बहुधा गुरुपौर्णिमेला असतो. त्या दिवशी सकाळी नवीन काही वाजवू नका. नखं दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी कापली तर बोटं हुळहुळतात. सैल बाह्यांचा कुर्ता घाला, बांगड्या-घड्याळ काढून ठेवा. मंचावर ज्या उंचीवर बसायचं, त्या उंचीवर घरी दोन दिवस बसून बघा. तासभर आधी पोचा, म्हणजे गुरूंना सूर लावायला वेळ मिळतो आणि मुलाचे थंड पडलेले हात गरम होतात.

तुम्ही पहिल्या-दुसऱ्या रांगेत, मुलाला दिसाल असे बसा. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. तुमचे हात मोकळे हवेत. टाळी वाजवायची नाही, कारण सभागृहात तिचा आवाज मागून पोचतो आणि मूल बिथरतं. मांडीवर, आवाज न करता ताल धरा. माझी लेक पहिल्या कार्यक्रमात तिसऱ्या आवर्तनात अडखळली आणि तिने मान वर करून बघितलं. माझा हात तेव्हा कालावर, उलटा होता. तिने मान खाली घातली, चार मात्रा जाऊ दिल्या आणि तेराव्या मात्रेला हात टाकला.